धूर मोजायचे रुमाल

मी विज्ञानाचा पदवीधर आहे हे कुणी विचारलेलं नसताना मी ते पेण–रोहा एसटीत शेजारी बसेल त्याला सांगत असे. त्याची शिक्षा मिळाली. नव्वदीच्या सुरुवातीला रोह्याच्या पुढे, कोलाडच्या बाजूला रेल्वेच्या भरावाचं काम चालू होतं. तिथल्या एका पोटठेकेदाराला, आम्ही त्याला शेठ म्हणायचो, असा एक माणूस हवाच होता. ‘सेफ्टीवाले’ म्हणून मला ठेवून घेतलं. सकाळी हेल्मेटं वाटायची, संध्याकाळी गोळा करायची. मधल्या वेळात लोक त्यांत पाणी भरायचे, आणि मी ते न पाहिल्यासारखं करायचो.

दिवाळीनंतर साइटवर जो तो खोकायला लागला. वरून विचारणा आली: यंत्रांच्या डिझेलच्या धुराने माणसांना कितपत धोका आहे, तपासून कळवा. शेठने तो कागद माझ्याकडे सरकवला.

“घ्या सायन्सवाले, तुमचं डिपार्टमेंट. धोका नाय असं जरा शास्त्रीय भाषेत लिहा.”

“आधी तपासायला लागेल, शेठ.”

“तपासा की, कोण नको म्हणतोय. तपासून मग नाय म्हणा.”

तपासायचं कशाने, हा प्रश्नच होता. यंत्र वगैरे काही नव्हतं. धूर मात्र भरपूर होता. डंपर रिकामे उभे असतानाही घरघरत राहायचे. जनरेटर तर दिवसभर ओकत असायचा, आणि त्याच्या अगदी कुशीला पत्र्याचं स्वयंपाकघर होतं. तिथे जवळच्याच गावची एक मावशी चाळीसेक माणसांच्या भाकऱ्या थापायची. घरी तिची भाताची आणि वालाची थोडी शेती होती. भात झोडून झालं की ती अशी कामं धरायची. भाकरी उलटताना ती तोंड पदरात घालून खोकायची, आणि खोकून झालं की कुणी पाहिलं का ते बघायची.

“मावशी, एवढा तपास होऊ दे,” मी तिला म्हटलं. “जनरेटर पार त्या टोकाला हलवायला लावतो.”

“हलीव रे बाबा. रात्री आडवी झाले तरी छातीत ह्येच मशीन चालू ऱ्हातं.”

मग मला एक कल्पना सुचली. पेणच्या बाजारातून पांढरेशुभ्र रुमाल आणले, शाईने त्यांवर नंबर घातले आणि बांबूच्या काठ्यांना बांधले. एक नंबर जनरेटरपाशी, त्यापुढे थोड्या थोड्या अंतरावर बाकीचे, आणि शेवटचा लांब वालाच्या शेताच्या बांधावर. आठवडाभर ठेवायचे आणि कुठला किती काळा होतो ते पाहायचं. रोज संध्याकाळची एसटी पकडून मी पेणला जायचो आणि घरी जेवताना हा प्रयोग समजावून सांगायचो. बायको म्हणायची, रुमाल चांगले होते, घरात वापरायला झाले असते.

आठवड्याने रुमाल काठ्यांवरच तपासले आणि मी चक्रावलो. बांधावरचा मळकट होता. मधले त्याहून बरे. जनरेटरजवळचा एक नंबर दुधासारखा पांढरा. त्याची शाई फिकटली होती, मी म्हटलं ऊन. त्याला साबणाचा वास येत होता. त्यावर मी काहीच म्हटलं नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात सिद्धांत तयार झाला होता: गरम धूर सरळ वर चढतो आणि लांब जाऊन खाली बसतो, सबब, यंत्राजवळची हवा तुलनेने शुद्ध. ते मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. पदवी सार्थकी लागल्यासारखी वाटली.

शेठने तो रिपोर्ट दोनदा वाचला. “शिकलेला माणूस तो शिकलेला,” म्हणाला आणि बाहेर जाऊन हुकूम सोडला की मजुरांच्या लांबच्या झोपड्यासुद्धा जनरेटरच्या बाजूला आणा. शास्त्राने सांगितलंय.

झोपड्यांचे बांबू उपटायला सुरुवात झाली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मावशीने विचारलं, “मशीन हलणार व्हतं ना? ही तर माणसंच हिकडं आणतायत.”

मी तिला रुमालांचं सांगितलं. तिचा हात पिठातच थांबला.

“ते व्हय? ते मीच धुवायची रोज, तू एसटीला गेलास की. रोज काळंकुट्ट. म्हटलं, सायबाचे रुमाल, लोक काय म्हणतील. हिकडचे तेवढे धुतले. बांधापातुर जायला दम नाय पुरत.”

मी तिथल्या गोणपाटावर बसलो. तिच्या बाजूने जो एकुलता एक पुरावा होता, तो तिने रोज साबण लावून खळबळून काढला होता, माझी अब्रू राहावी म्हणून.

शेठकडे गेलो. तो म्हणाला, “रिपोर्ट गेला वर. आता काय, रुमाल परत काळे करायचे?” वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. नुसतं म्हटलं, “ठीक. उद्या जेवायला मात्र स्वयंपाकघरात बसा. मावशी वालाचं बिरडं करतेय.”

बिरड्याला शेठ नाही म्हणत नसे. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत येऊन बसला. मी पाट उघड्या दारात, जनरेटरच्या धुराच्या पाइपाकडे पाठ येईल असा मांडला, एवढं माझं शास्त्र. शेठ पोटभर जेवला, मध्ये दोनदा डोळे पुसले, मिरची तिखट आहे म्हणाला. मिरची नव्हतीच. उठला तेव्हा खांदे आणि पाठ करडी झाली होती, आणि झटकायला गेला तर करड्याचं काळं झालं.

मावशी हात पुसत पुढे आली. “काढून द्या शेठ, आत्ता धुऊन देते.”

“नको मावशी,” मी म्हटलं. “एवढा एक धुवायचा नाय.”

शेठने माझ्याकडे पाहिलं. मग सफारीकडे, मग पाइपाकडे. “सायन्सवाले,” म्हणाला, “तुमच्या घरी कपडे कोण धुतं?” आणि निघून गेला. दुपारनंतर डंपरला साखळी लावून जनरेटर ओढत त्या टोकाला नेला. उपटलेले बांबू परत जुन्या जागी ठोकले, झोपड्या लांबच राहिल्या. दुसरा रिपोर्ट कुणी मागितला नाही, मीही दिला नाही.

मावशीचा खोकला मात्र जनरेटरबरोबर गेला नाही. फाल्गुनात काम पुढे सरकलं, स्वयंपाकघर मोडलं, तेव्हाही ती पत्रे रचताना मधेमधे थांबत होती. रुमाल तिने घडी करून माझ्या हातात दिले, सगळे पांढरे. बांधावरचासुद्धा. “त्यो राह्यला व्हता,” म्हणाली. “हळूहळू गेले चालत.”