गाडीला आवतन

आमची शेवटची बैलजोडी विकली त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने मोटारसायकल अंगणात घेतली. बैलांचे खांदे शेकतात तशी हळद तुपात कालवली, हॅन्डलला चोळली, पळसाच्या पानाने वरून कोमट पाणी शिंपडलं आणि बैलांना सांगतात तेच तिलाही सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी ओसरीत शाळेचे पेपर तपासत बसले होते. हसून हसून माझ्या हातातला लाल पेन खाली पडला.

"हासू नोको," तो म्हणाला. "तुले शाळेतून आनाले आता हाच बैल हाये."

मग दर पोळ्याला तेच. दुसऱ्या दिवशी हेडलाइटला हार, सीटवर जुन्या बैलाची झूल, टाकीवर पुरणपोळीचा नैवेद्य. नैवेद्य थोडा वेळ ठेवायचा आणि मग स्वतःच खायचा. वर पुन्हा मला विचारायचा, "बैल जेवला, आता मले काय?"

तो गेला त्यानंतरचा पहिला पोळा दुखवट्यात गेला. त्याचं काही नाही, ते रीतीचंच होतं. दुसऱ्या पोळ्याला मात्र मी पुरण घातलं आणि ताट घेऊन दारात बसले. आमच्याकडे पोळा फुटला की जोड्या घरोघर येतात. बायका बैलांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात आणि सोबतच्या गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवतात. आमचे बैल गेल्यानंतरही लोकांच्या जोड्या आमच्या दारी यायच्याच. त्या दिवशी डफडं शेजारच्या दारापर्यंत आलं आणि तिथून पुढे गेलं. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. बाई एकटी आहे, तिला कायले तरास, असंच कोणाला तरी वाटलं असेल. दिवेलागणीला मी ताट उचललं. गावाचा जो राग त्या दिवशी डोक्यात गेला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

मोटारसायकल गोठ्यात उभी होती. तिची रोजची पुसापुशी थांबली होती आणि दोन पावसाळ्यांत चाकांच्या रिंगा गंजून तांबूस झाल्या. भंगारवाला आमच्या घरासमोर आला की जरा जास्तच जोरात ओरडायचा. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, विकून टाक. तुला चालवता तरी येते का?"

"बैल तरी मी कुठे चालवत होते?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मला येत्या पोळ्याला दारात कोणीतरी उभं हवं होतं. गाडी का होईना. आणि उभी करायची तर गंजक्या पायांनी नाही.

स्टॅन्डवर मोटारसायकली दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे. बायको गेल्यापासून टपरीमागच्या खोलीत राहतो आणि स्टोव्हवर स्वतःपुरतं शिजवतो. आमच्या गाडीला नवऱ्याखेरीज याचाच काय तो हात लागलेला. त्याला बोलावलं.

"बाई, नव्या रिंगा टाका न. कायले एवढी झंझट?"

"याच पाहिजेत. यांनाच चमकवून आणायचं."

त्याने पाना उचलला. चाकं काढली, तारा सोडवल्या आणि दोन्ही रिंगा पोत्यात बांधून दिल्या. "लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक जन क्रोम चढवून देते," एवढं सांगितलं.

राळेगावहून एसटीत पोतं घेऊन चढले तर कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बाकीची गाडी मांगून येऊन राह्यली का?" सगळी बस हसली. मीही हसले. घरात हसायला दुसरं माणूस लागतं, हे मला तोवर उमगलं नव्हतं.

लोहाऱ्याच्या त्या कारखान्यात तेजाबाचा वास नाकातून थेट डोक्यात जातो. हौदांसारख्या टाक्या, वर टांगलेले खुर्च्यांचे पाय, कुलरच्या जाळ्या. मालकाने रिंग हातात घेतली, नखाने गंज खरवडला आणि म्हणाला, "पयले जुनं पुरं उतरवा लागते, बाई. मंग घासाई, मंग निकल, मंग क्रोम. जुनं राह्यलं तं नवं धरत नाही."

सांत्वनाला आलेल्या बायकाही मला थोड्याफार फरकाने हेच सांगून गेल्या होत्या. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते या बिचाऱ्यावर निघालं. "धरत कसं नाही? धरवा म्हणजे धरेल!" तो गांगरला. "करून देतो न, बाई," म्हणाला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, तो लोखंडाबद्दल बोलत होता.

रिंगा आणायला गेले तेव्हा त्या अशा लखलखत होत्या की हात लावायला भीती वाटली. परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर सोयाबीन, पराटी, मध्येच तुरीचा पट्टा. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून पोत्याचं तोंड उघडून मी सारखी आत बघत होते.

मिस्त्री आला तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी. अंगणात बसून त्याने एकेक तार ओवली, चाक फिरवून फिरवून सरळ केलं, टायर चढवले. ऊन कलल्यावर गाडी आपल्या पायांवर उभी राहिली. मी वाकून पाहिलं तर रिंगेत अख्खं अंगण वाकडं होऊन मावलं होतं, विहीर, तुळस, गोठा, आणि त्यात माणूस म्हणून मी एकटी.

मिस्त्री दिसेना. गेला असेल असं समजून मी आतून हळद आणि तूप आणलं. हॅन्डलला चोळलं. पळसाचं पान भिजवलं. नवरा म्हणायचा ते म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघाला तो मोठ्याने निघाला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पाहते तर मिस्त्री घरामागच्या टाक्यावरून हात धुऊन येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पिशवी उचलली, "येतो, बाई," म्हणाला आणि गेला.

पोळ्याच्या दिवशी मी गाडी दारात लावली, झूल घातली, हार घातला. ओवाळायचं ताट काही मांडलं नाही, गेल्या वर्षीचं पुरे होतं. पुरणही घातलं नाही. नैवेद्य खाणारा नाही तर शिजवायचं कोणासाठी? सकाळचा वरणभात झाकून ठेवला होता. संध्याकाळी डफडं वाजत आलं, शेजारच्या दारात थांबलं आणि पुढे गेलं. मी गाडीजवळ पायरीवर बसून राहिले.

तेवढ्यात समोरून मिस्त्री आला. अंगात इस्त्रीचा सदरा, केस ओले करून बसवलेले.

"या भाऊ. गाडीचं काही राह्यलं का?"

"नाही. जेवाले आलो. काल आवतन देल्लं न तुमी."

"ते तं गाडीले होतं."

त्याने गाडीकडे पाहिलं. "गाडी तं पेट्रोल पेते, बाई. पुरनपोयी कोन खाईन?"

जन्म याच गावात गेलेला माणूस. ते आवतन कोणाचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, असं मला कोणी सांगू नये. पायरीशी चपला काढून तो ओसरीत टेकला. माझे डोळे भरून आले, ते त्याला दिसू नयेत म्हणून मी घाईने उठले.

"झाला का सैपाक?" त्याने विचारलं.

"होऊन राह्यला," मी म्हटलं, आणि आत जाऊन चण्याची डाळ धुवायला घेतली.