भिंतीतला जॉइंट

गच्चीवरच्या अँटेनाची काळी केबल आमच्या भंडाऱ्याच्या घरात बैठकीच्या खिडकीतून येई, आणि तिच्यापायी ती खिडकी बारा महिने अर्धवट उघडी राही. डास मलाही चावत. पण घरच्या सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलायचं, हॅम रेडिओचं वेड लागलेला माणूस ते मुकाट्यानं सोसतो. बायको का सोसेल? शेवटी केबल भिंतीतून न्यायचं ठरलं. काम धाकट्या साळ्यानं अंगावर घेतलं. तो कारध्याला घरांचं वायरिंग करायचा. मी कचेरीच्या कामानं दोन दिवस तुमसरला गेलो.

शनिवारी संध्याकाळी परतलो, तर भिंत कोरी करकरीत. पाइप आत, वर प्लास्टर, कोपऱ्यात केबलचं फक्त टोक. मी साळ्याची पाठ थोपटली.

मला ओढ होती ती रविवार सकाळची. कोकणातले एक म्हातारे गुरुजी दर रविवारी सातला रेडिओवर येत. मला या छंदात त्यांनीच हाताला धरून आणलं होतं. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, फोन नंबरही घेतला नव्हता. कधी गरजच पडली नाही. मागच्या रविवारी ते म्हणाले होते, मुलाच्या फ्लॅटवर राहायला चाललोय, पुढचा रविवार शेवटचा, मग अँटेना उतरवणार. तुमचे उपकार विसरणार नाही, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. इतक्या वर्षांत ते तोंडातून निघालं नव्हतं.

सातला सेट लावला. त्यांचा आवाज आला, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. बोलायला बटण दाबलं तर मीटरचा काटा थेट लाल पट्ट्यात, आणि सेट बंद. पुन्हा लावला, बटण दाबताच पुन्हा तेच; नुसतं ऐकायला मात्र तो चाले. तेवढ्यात साळा चहा घेऊन आला.

"केबलला काही केलंस का रे?"

"पाइपाले दोन वळणं जास्त लागली न भाऊजी, म्हणून कमी पडली. मंग उरलेला तुकडा जोडला. आतली तार तारेले पक्की पिळली, टेप मारला. वरची ते जाळी होती, ते काढून टाकली. कायच्या कामाची होती?"

ती जाळी म्हणजे निम्मी केबल; ती तुटली की माझा आवाज अँटेनापर्यंत पोचतच नाही. पण त्याच्या धंद्यात वायर म्हणजे आत तांबं आणि वर प्लास्टिक; बाकीचं मी त्याला सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. जॉइंट नेमका कुठं, हे नव्या प्लास्टरवरून त्यालाही सांगता येईना. दुसरी केबल नागपूरशिवाय मिळायची नाही. ओरडावं, तर दारात त्याची बहीण भिंतीकडे कौतुकानं पाहत उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"भंडारा, आहात का?" गुरुजी विचारत होते. "उशीर झालेला दिसतोय. असू दे, मी थांबतो."

ते खरंच थांबले. थोड्या थोड्या वेळानं हाक देत राहिले. मी माइक हातात धरून नुसता बसलो होतो. साळा आधी सेटकडे, मग माझ्याकडे पाहत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"बोला न भाऊजी," तो हळूच म्हणाला. "कवापासून बोलावून राहिले ते तुमाले."