हाडेविगच्या कबरीवरचा सूर

गाणं पुस्तकातून शिकता येतं हे रिखेन्झाला एकसष्टाव्या वर्षीही पटत नव्हतं. जर्मनीत वेसर नदीकाठच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात दिवसरात्र मिळून आठ वेळा प्रार्थना गायली जायची आणि प्रत्येक वेळी पहिला सूर तीच उचलायची. सणांची, उपासांची, मयतीची सगळी गाणी तिच्या डोक्यात होती. मठात गाण्याच्या पोथ्या होत्या, नाही असं नाही. त्यांत शब्दांच्या वर बारीक शेपट्यांच्या खुणा असत. सूर वर जातो की खाली, एवढंच त्या सांगत. किती वर आणि किती खाली, हे ज्याला आधीच येतं त्यालाच कळायचं. बाकीच्यांनी रिखेन्झाच्या तोंडाकडे बघायचं, आणि रिखेन्झालाही ते आवडायचं. उगाच कशाला खोटं बोला.

मग मुख्य मठातून लुटगार्ड आली, आणि तिच्याबरोबर नवं पुस्तक. त्यात शब्दांवर चार रेघा ओढलेल्या होत्या, एक लाल, एक पिवळी, दोन काळ्या, आणि प्रत्येक सूर आपापल्या रेघेवर बसलेला. ईस्टरपासून सगळ्या मठांनी यावरूनच गायचं, असा हुकूम होता. लुटगार्ड पस्तिशीची, उंच, जिभेनं तिखट.

"यावरून कधी न ऐकलेलं गाणंसुद्धा गाता येतं, ताई," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"न ऐकलेलं गाऊन करायचंय काय?" रिखेन्झानं विचारलं.

"स्वयंपाकाच्या रेघा असतील तर मला दे गं बाई," मुदपाकखाना सांभाळणारी गेपा म्हणाली. "तीस वर्षं सलगम शिजवतेय, अजून चव सापडली नाही."

दोन आठवडे दोघी समोरासमोर बसून एकेक गाणं ताडून बघत होत्या. रिखेन्झा म्हणायची, लुटगार्ड रेघांवर बोट फिरवायची. दीडशे गाण्यांत किरकोळ फरक निघाले. "तुमच्या डोक्याला मानलं," असं लुटगार्डनं शेवटी कबूल केलं, तेही दात उपटून दिल्यासारखं कष्टानं.

पण मयतीचं गाणं आलं आणि गाडी अडली. ते जुन्या पोथ्यांत नव्हतंच, तोंडीच चालत आलेलं. 'विश्रांती' या शब्दावर पुस्तकातला सूर खाली उतरत होता, आणि या मठात तो वर चढत होता.

"चूक आहे तुमची," लुटगार्ड म्हणाली.

मठात गहजब झाला. तो चढणारा सूर ही या घराची शान होती. त्या सुराबरोबर जीव वर जातो, असं म्हाताऱ्या बहिणी सांगायच्या. आजारी खोलीत पडलेल्या एकीनं तर निरोप धाडला, की मला गाडायचं तर आपल्याच सुरावर गाडा, नाहीतर मी मरतच नाही.

मठाची प्रमुख ओडा हिनं रिखेन्झाला बोलावून घेतलं. "ताई, आपल्या जुन्या गानगुरू हाडेविगची शिष्या आता तुम्ही एकट्याच उरलात," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या सभेत एवढंच सांगा, की हा सूर हाडेविगनं शिकवला. जुन्या रिवाजाला मुख्य मठही हात लावत नाही. मी पत्र लिहिते आणि तो पुस्तकात असाच उतरवून घेते."

"बरं, माई," रिखेन्झा म्हणाली आणि बाहेर पडली.

पण तो सूर हाडेविगनं शिकवला नव्हता. रिखेन्झा सात वर्षांची असताना मठात आली, तेव्हापासून हाडेविगनं तिला ओळ न ओळ घोकून घेऊन शिकवली होती. हाडेविग वारली तेव्हा रिखेन्झा एकोणीस वर्षांची होती, आणि गुरूच्या कबरीवर गाणं उचलायचं काम तिच्यावर आलं. जमीन गोठलेली, समोर तो खड्डा. 'विश्रांती'पर्यंत ती कशीबशी आली आणि तिथे हुंदका दाटला. तो दाबायला जोर लावला, तर सूर खाली जायच्या ऐवजी वर निसटला. मागे उभ्या सगळ्याजणी, उचलणारीच्या मागून जायचं या नियमानं, वर गेल्या.

गाताना जी चुकेल तिनं तिथल्या तिथे सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे, ही मठाची रीत. रिखेन्झानं टेकले नाहीत. गुरूच्या कबरीवर आपण चुकलो, हे तिला सोसवलं नाही. मोठ्या बहिणींना वाटलं, हाडेविगनंच शेवटी असं शिकवलं असेल. पुढच्या हिवाळ्यात तापानं त्याही गेल्या. बेचाळीस वर्षं झाली. आता बोलली तर लुटगार्डसमोर नाक कापलं जाणार होतं आणि मठाचा लाडका सूर कायमचा जाणार होता. गप्प राहिली तर तिची चूक मेलेल्या गुरूच्या नावावर पुस्तकात चढणार होती.

सकाळी सभेत ओडानं विचारलं, "हा सूर कुणाचा, ताई?"

रिखेन्झा उठली, बाकांमधून पुढे आली आणि दगडी फरशीवर गुडघे टेकले. गुडघे दुखत होते, त्यामुळे वेळ लागला. "माझा," ती म्हणाली. "हाडेविगच्या कबरीवर मी चुकले, आणि लपवलं."

लुटगार्डनं मान खाली घातली. मग गेपा उभी राहिली.

"माझ्या सख्ख्या बहिणीला आपण या गाण्यावर पुरलं. ती काय चुकीच्या गाण्यानं गेली?"

"हो," रिखेन्झा म्हणाली. "माझ्या चुकलेल्या सुरावर गेली."

गेपानं तोंड फिरवलं, आणि कितीतरी दिवस ती रिखेन्झाच्या ताटात भाकरी ठेवताना तिच्याकडे बघत नव्हती. गेपाचं चुकलं असं कोण म्हणेल?

ओडानं आठवडाभर वेगळं बसून जेवायची शिक्षा दिली. "आणि खरा सूर तुम्हीच सगळ्यांना शिकवा," ती म्हणाली.

"तो मला आठवत नाही, माई."

हेच खरं होतं. आपला सूर चुकीचा, एवढंच तिला ठाऊक होतं. त्याच्याखालचा खरा सूर इतक्या वर्षांत पुसून गेला होता, आणि त्याच्याबरोबर हाडेविगचा आवाजही. रिखेन्झानं कितीदा आठवून पाहिला होता. चेहरा यायचा, हात यायचे, आवाज मात्र यायचा नाही.

म्हणून दुपारी ती लुटगार्डसमोर शिष्या होऊन बसली. लुटगार्डनं आज एकही टोमणा मारला नाही. रेघांवर बोट ठेवलं आणि म्हणायला लागली. 'विश्रांती'वर सूर खाली उतरला, मध्ये जरासा थांबला, आणि मग अलगद टेकला.

रिखेन्झाचा हात तोंडावर गेला. त्या थांबण्यापाशी हाडेविग हनुवटी छातीला लावायची, आणि आवाज थोडा घोगरा व्हायचा. तो घोगरा आवाज आता तिच्या कानात होता, अगदी जवळ. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हाडेविगला कधीही न पाहिलेल्या कुणीतरी कातड्याच्या पानावर चार रेघा ओढून तिचा आवाज जपून ठेवला होता, आणि इकडे रिखेन्झा स्वतः बेचाळीस वर्षं त्याच्यावर माती लोटत बसली होती.

"काय झालं, ताई?" लुटगार्ड घाबरली. "माझं चुकलं का कुठे?"

"नाही गं," रिखेन्झा म्हणाली. "परत म्हण. मी तुझ्या मागून येते."