अक्काचा डावा गाल

"हे किती दिवसांपासून आहे?" ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारले.

"महिना झाला असेल," आमचे थोरले बंधू दादा म्हणाले.

अक्काच्या, म्हणजे आमच्या बहिणीच्या, डाव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ होती. डॉक्टरांनी ती चाचपली. "पॅरोटिड ग्लँडमध्ये ट्यूमर आहे." पॅरोटिड ग्लँड म्हणजे कानाखालचा लाळेचा पिंड, ट्यूमर म्हणजे त्यात वाढलेली मांसाची गाठ.

महिना नव्हे, चार महिने झाले होते. मला ते ठाऊक होते आणि मी गप्प बसलो.

मी तेव्हा चित्रकलेच्या परीक्षेसाठी माणसाचे डोके काढायला शिकत होतो. कल्याणला घरी रोज सराव करायचा आणि आठवड्यातून एकदा ठाण्याला मास्तरांना कागद दाखवायचे. घरात तास तास स्थिर बसणार कोण? अक्का. पंधराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आलेली. केशवपनामुळे तिच्या कवटीचा आकार उघडा दिसे. माझ्यासारख्या शिकाऊला तो फायदाच वाटला, हे लिहिताना आज माझीच मला शरम वाटते.

मास्तरांचा नियम पक्का होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत ओळंबा सोडल्यासारखी रेघ ओढायची आणि दोन्ही बाजू सारख्या मापाच्या ठेवायच्या. माझ्या कागदावर अक्काचा डावा गाल दर वेळी रुंद येई. "तुझा डोळा कच्चा आहे," मास्तर म्हणत. मी काडीने माप घेतले, तरी गाल रुंदच. शहाण्या माणसाने मापावर विश्वास ठेवला असता. मी नियमावर ठेवला आणि रबर घेतले.

आश्विनात थोडे खोडावे लागे, पौषात बरेच. पुढे हाताला इतकी सवय झाली की न बघताच गाल आत येऊ लागला. मास्तर म्हणाले, "आता जमलं!" त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो.

माघात दादांना गाठ दिसली आणि आम्ही इस्पितळ गाठले. दुसऱ्या दिवशी मी सगळे कागद घेऊन एकटाच डॉक्टरांकडे गेलो. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिथी होती आणि खोडलेल्या रेघेचा व्रण होता. त्यांनी ते खिडकीशी धरून एकामागून एक पाहिले.

"ही सुपारीएवढी असताना आणली असती, तर फेशियल नर्व्ह वाचवता आली असती," ते म्हणाले. फेशियल नर्व्ह म्हणजे चेहरा हलवणारी नस. "आता जीव वाचवू. चेहऱ्याचं सांगत नाही."

अक्काला क्लोरोफॉर्म, म्हणजे शुद्ध घालवणारे औषध, हुंगवले. बाहेरच्या बाकावर दादा जप करत होते. मला देवाचे नाव घ्यायचाही धीर झाला नाही.

गाठ निघाली आणि अक्का वाचली. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण तिच्या तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला, डावा डोळा मिटेना आणि पाणी प्यायले की ओठातून गळू लागले. अठरा दिवस मी तिच्या डोळ्यावर ओली पट्टी ठेवत होतो.

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे. काही वेगळे दिसले तर तेव्हाच बोला. आपलेच चुकत असेल म्हणून डोळ्यांवर कातडे ओढू नका.

घरी आल्यावर एका दुपारी मी तिच्यापुढे सगळे कबूल केले. "अक्का, मला दिसत होतं गं. मी खोडत होतो."

तिने पदराने ओठाचा कोपरा पुसला. शब्द तिला जड जात होते.

"मलाही हाताला लागत होती रे. पण मी माहेरी पडलेली, त्यात परका डॉक्टर अंगाला हात लावणार. दादाला कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, तू काढशील, दादा बघेल, आपोआप कळेल. म्हणून तर बसत होते. तू उठलास की मी कागद बघायचे. रोज तू मला बरी करून ठेवलेलं असायचं."