जर्सीवरचं दुकान

देवळीत एका गृहस्थांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी शिकवतो त्या मुलींच्या कबड्डी संघाच्या जर्सी आणि वर्ध्याला जायच्या गाडीचा खर्च तेच देतात. मी मागायला गेलो, की पाइप मोजता मोजता, मान वर न करता एवढंच विचारतात, "पोरी जेवून जातीन न?" सामना पाहायला मात्र कधी येत नाहीत.

यंदा आमच्या कर्णधार मुलीचं खेळणं तिच्या वडिलांनी बंद केलं. माझं त्यांनी ऐकलं नाही. हे कळताच दुकानदार गल्ला सोडून उठले आणि मला घेऊन थेट तिच्या घरी गेले.

"जर्सीवर माह्या दुकानाचं नाव हाये. तुमची पोरगी नाई खेळली अन् टीम हरली, तं नाव माह्यं जाईन. धाडा तिले."

 वडील म्हणाले, "येईन पोरगी खेळाले."

रस्त्यावर आल्यावर दुकानदार मला म्हणाले, "आता हरल्या तरी चालते."