कोर्ट उठेपर्यंत

मी मोटारसायकल शिकलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो. गाडी थांबली की माझा एकच पाय जमिनीला टेकायचा, तोही चवड्यावर. शिकवलं बाबांनीच. तूर काढून मोकळ्या झालेल्या वावराच्या कडेनं बैलगाडीची वाट होती. तिच्यावर बाबा मागं बसून माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि "क्लच सोड, हळू, हळू" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी खांद्यावरचा हात कधी काढून घेतला ते मला कळलंही नाही. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पोराचा हात चांगला हाय." बाबांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे मोठी गोष्ट, कारण ते स्वतः दारव्ह्याच्या एका शाळेची व्हॅन चालवायचे. बोरी अरबच्या आसपासच्या गावांतली पोरं सकाळी न्यायची, दुपारनंतर आणून सोडायची. इतक्या वर्षांत त्यांच्या व्हॅनला साधा ओरखडा नव्हता.

आमच्याकडे पोराला मिसरूड फुटायच्या आधी गाडी येते. दळण आणायचं, डेअरीवर दूध घालायचं, बहिणीला स्टॉपवर सोडायचं, ही कामं काय अठरा वर्षं थांबणार आहेत? लायसन हा शहरातल्या लोकांचा कागद, असं सगळे धरून चालायचे. बाबांना तो कागद चांगला माहीत होता, त्यांचं पोटच त्याच्यावर होतं. पण घरचा पोरगा म्हटला की माहीत असलेला कायदाही माणूस उंबऱ्याबाहेर ठेवतो. मीही काही गरीब गाय नव्हतो. गावातून जाताना मी विनाकारण हॉर्न वाजवायचो आणि ज्यांच्या घरी गाडी नव्हती त्यांच्या दारासमोरून तर दोनदा जायचो.

सतरा वर्षांचा असताना, बारावीत, एका मित्राच्या बहिणीच्या हळदीला गेलो. शेजारचंच गाव. बाबा व्हॅनवर होते, आई वावरात. गाडी अंगणात उभी होती आणि चावी गाडीलाच, कारण आमच्या अंगणातून कोण काय नेणार? मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. तिथं मांडवामागं पोरांनी स्टीलच्या ग्लासांत बीअर ओतली होती, दुरून पाहणाऱ्याला ताक वाटावं म्हणून. ताकाला इतका फेस कुठं येतो, हे मोठ्या माणसांना कळत नसेल असं आम्हाला वाटत होतं. मी दोन ग्लास प्यालो. तिसरा अर्धा टाकून दिला. हे मी पुढं पोलिसांना, डॉक्टरांना, आईला, ज्याला त्याला सांगत सुटलो, जणू त्यानं गुन्हाही अर्धा होणार होता.

दुपारचे चार वाजले असतील. उन्हं स्वच्छ होती, रस्ता कोरडा होता, समोरून एकही वाहन नव्हतं. दोष द्यायला काहीच नव्हतं. नाल्याच्या पुलाजवळच्या वळणावर आमच्याच गावचे बकऱ्या राखणारे आजोबा कळप घेऊन कडेनं चालले होते. मला ते दिसले होते. आपण लांब आहोत, हळू आहोत, आता वळवू, असं मला वाटत होतं, आणि तेवढ्यात ते आडवे झालेले होते. बकऱ्या चहूकडे पांगल्या. एकाही बकरीला लागलं नाही. आजोबांचा पाय मात्र गुडघ्याखाली असा वळला होता की मी दुसरीकडे पाहिलं.

मागून येणाऱ्या ऑटोवाल्यानं आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. अपघात म्हटल्यावर तिथून पोलिसांना फोन जातोच. शिपाई आला, माझ्या तोंडाचा वास त्याला दारातूनच आला. डॉक्टरांनी माझ्या दंडातून रक्त घेतलं, बाटलीला लाखेचं सील लावलं. आजोबा शेजारच्या खाटेवर होते. वेदनेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि म्हणाले, "साहेब, पोरानं नाई मारली गाडी. बकरी आडवी आली न मीच पडलो. बारावीचं पोरगं हाय ते, कायले लिहून राह्यले?" शिपाई लिहीत राहिला. मी त्या खाटेकडे बघत राहिलो. ज्या माणसाचा पाय मी मोडला तोच माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि मला शरमेपेक्षा आश्चर्यच जास्त वाटत होतं. माणसात इतकं काही असू शकतं हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

माझं प्रकरण यवतमाळला बाल न्याय मंडळापुढं गेलं. मी मनातल्या मनात पिंजरा, काळे कोट, हातोडा असं सगळं उभं करून गेलो होतो. होती एक साधी खोली. टेबलाच्या एका बाजूला तिघं बसले होते, दुसऱ्या बाजूला मला खुर्ची दिली. माझ्यासोबत आलेला पोलीससुद्धा साध्या शर्टात होता. मधल्या मॅडमनी आधी विचारलं, पाणी पाहिजे का. मग विचारलं, पेपर कसे गेले. मी ढसाढसा रडलो. त्यांनी मला समुपदेशकाकडे पाठवलं आणि तीन महिने दर रविवारी दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात काम करायला लावलं. चाकांच्या खुर्च्या ढकलायच्या, प्लास्टर घातलेल्या लोकांना एक्स-रेला न्यायचं. आणि पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळणार नाही, हे तर कायद्यातच लिहिलेलं होतं. मी मनात म्हटलं, सुटलो.

मी सुटलो होतो, पण कायदा तिथं थांबलेला नव्हता, तो आमच्या घरी गेला होता. गाडी बाबांच्या नावावर होती, म्हणून वेगळा खटला बाबांवर लागला. दारव्ह्याच्या वकिलांनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, की पालक आणि मालक गुन्हेगार. तीन वर्षांपर्यंत कैद, वर पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. "गाडी तुमच्या संमतीनंच दिली असं कायदा आधीच धरून चालतो," वकील म्हणाले. मी थक्क झालो. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला आमचं अंगण कसं काय दिसलं? चावी गाडीलाच असते हे त्याला कुणी सांगितलं?

"पण यातून वाट आहे," वकील म्हणाले. "तुमच्या माहितीशिवाय पोरानं गाडी नेली, हे दाखवता आलं तर तुम्ही सुटता. आणि ते खरंच आहे. तुम्ही व्हॅनवर होता. पोरगा साक्ष देईल."

आईचा चेहरा उजळला. माझाही. बाबांना शिक्षा झाली तर व्हॅन जाणार हे आम्हा तिघांनाही न बोलता कळत होतं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी करता येणार होतं. मी ती साक्ष घरी पाठ केली. "बाबांना माहीत नव्हतं. मी न विचारता गाडी नेली." आई भाकरी थापता थापता वकिलासारखे आडवेतिडवे प्रश्न विचारायची आणि मी एकदाही चुकायचो नाही. बाबा ऐकायचे, काही बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना टेन्शन आहे.

तारीख निघाली तोवर मला अठरा पूर्ण झाली होती. सकाळी साडेअकराला दारव्ह्याच्या कोर्टात पट्टेवाल्यानं पुकारा केला. बाबा व्हॅनवर घालायचा तोच इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. न्यायाधीश एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी आरोप मराठीत वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

आमचे वकील उठायच्या आत बाबा म्हणाले, "कबूल हाय."

वकिलांनी वळून पाहिलं. आईनं माझं मनगट धरलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला समजतंय ना, याची शिक्षा होते? कुणी दबाव आणलाय का? मुलानं न विचारता गाडी नेली असं जबाबात दिसतंय."

"दबाव नाई मॅडम," बाबा म्हणाले. "त्या दिवशी त्यानं विचारलं नाई, हे खरं हाय. पन चौदाव्या वर्षी त्याले मीच शिकवली. तीन वर्षं दळनाले मीच धाडलं. चार लोकांत मीच सांगत फिरलो, पोराचा हात चांगला हाय म्हनून. मंग त्या दिवशी त्यानं काहून विचारावं? दारू मी नाई पाजली. गाडी मीच देल्ली."

मी एवढे दिवस पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. ते वाक्य खरं होतं, त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तरी बाबांच्या बोलण्यापुढं ते इतकं छोटं झालं की मला त्याची लाज वाटली. आजही मी कुठं थोर माणसांविषयी वाचतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो इस्त्रीचा शर्ट येतो. मी याहून मोठं काही पाहिलेलं नाही.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी निकाल सांगितला: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद. आम्हाला काही उमजेना. वकिलांनी कानात सांगितलं, तुरुंग नाही, आजचं कामकाज संपेपर्यंत इथंच बसून राहायचं, तीच कैद. आईनं डोळ्याला पदर लावला आणि बहीण घरी एकटी म्हणून ती बसनं निघाली. मी बाबांजवळ मागच्या बाकावर बसलो. मला बसायची सक्ती नव्हती.

व्हॅन गेली, ते इथंच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच निकाल घेऊन शाळेत गेले. कुणी विचारायची वाट पाहिली नाही. शिक्षा झालेल्या माणसाच्या हाती पोरं द्यायची नाहीत, हे शाळेचं म्हणणं बाबांनाही पटत होतं. आता ते एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचा वजनकाटा सांभाळतात. बकरीवाले आजोबा थोडे लंगडतात आणि मला पाहिलं की माझ्या आधी हात वर करतात. मी तेवीस वर्षांचा आहे आणि अजून कुणाच्या तरी मागंच बसतो. मित्र विचारतात, "वरातीत घोड्यावर तरी बसू देतीन काय बे तुले?" मी हसतो. आमच्या भागातले सगळे रस्ते मला पायी पाठ आहेत.

पण तो दिवस. बाबांना मी कधी असं नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन हात मांडीवर, पाठ ताठ, नजर समोर. शेतांच्या धुऱ्याचे, बांधाचे वाद आले, वाटण्या आल्या, एका म्हातारीची तारीख पुन्हा पुढं गेली. दोन वाजता मॅडम आत गेल्या आणि खोली रिकामी झाली. पट्टेवाला म्हणाला, "भाऊ, च्या पिऊन या. कोनी काही म्हनत नाई."

"कोर्ट उठलं काय?" बाबांनी विचारलं.

"नाई, जेवनाची सुट्टी हाय."

"मंग बसतो."

मी बाहेरून समोसे आणले, ते कागदात थंड झाले. बाबांनी फक्त पाण्याचे दोन घोट घेतले. मी त्यांच्याकडे चोरून बघत होतो आणि मला वाटत होतं, हा माणूस कशालाच भीत नाही. पोलिसाला नाही, तुरुंगाला नाही, रोजगार जाण्याला नाही. माझ्यासारख्याच्या रक्तात अशा बापाचा एक थेंब तरी उतरला असेल का, याची मला शंका येत होती. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं.

साडेपाचच्या सुमाराला मॅडमनी शेवटची फाइल बाजूला केली आणि त्या उठल्या. सगळे उभे राहिले. बाबाही उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. इतका वेळ एकाच जागी बसून त्यांचे पाय भरून आले होते. मी हात पुढं केला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात धरला आणि माझ्यावर भार टाकून उभे राहिले. तो हात पाण्यातून काढल्यासारखा ओला होता. बाबा दिवसभर घाबरलेले होते.