फट ठेवलेली कवळी

मोनिकाला गप्प बसायची सवय नाही. शाळेत बाई तिला पहिल्या बाकावर बसवायच्या, ते हुशार म्हणून नव्हे, तोंड मिटावं म्हणून. अशा पोरीनं बारावीनंतर काम शिकायला धरलं ते औरंगपुऱ्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये, जिथं दिवसभर सोबत असते ती प्लास्टरच्या हिरड्यांची. आता याला काय म्हणावं!

लॅब राजकुमारकाकांची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, काका त्यावरून कवळ्या बनवतात. सव्वीस वर्षं हेच. माणूस सज्जन, पण दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप. शिकायला येणाऱ्याला त्यांची एकच अट. "पंधरा दिवस बस. हात कसा हाय ते मी बघन. पर ऱ्हायचं का नाय, ते पंधराव्या दिवशी तू मला सांगायचं."

इकडे घरी, मुकुंदवाडीत, तिच्या वडिलांनी, कडूबांनी, चिकलठाण्याच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. हे पंधरा दिवस संपले की येणाऱ्या सोमवारी हजर व्हायचं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, मोना," ते रोज जेवताना म्हणायचे. "तिथं तुज्यासारख्या वीस पोरी हायेत. बोलायला तरी भेटंल."

हे शेवटचं मोनिकाला वर्मी लागायचं. कामाचा तिला कंटाळा नव्हता. मेणात एकेक दात बसवताना तिचे हात आपोआप हलके व्हायचे. पण कवळी डब्यात बंद होऊन गेली की गेली. ती कुणाच्या तोंडात बसली, तो माणूस काय खातो, हसतो का, काही कळायचं नाही. एकदा तिनं विचारलंच, "काका, तुमी केलेली कवळी घातलेलं मानूस कदी बघितलंय का?"

"कवळी जाती. मानूस येत नसतंय," काका म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आपणही अशीच सव्वीस वर्षं काढायची? मोनिकाला भीती वाटली, अगदी खरीखुरी.

बाराव्या दिवशी कवळ्यांचे डबे पोचवणारे गृहस्थ आजारी पडले, म्हणून एक कवळी घेऊन तीच दवाखान्यात गेली. कवळी अजून मेणातच होती. पेशंटच्या तोंडात घालून बघायची, काही बदल असले तर करायचे आणि मगच पक्की करायची, अशी पद्धत. खुर्चीत बिडकीनच्या आवडाबाई बसल्या होत्या. दोन वर्षं तोंडात दात नाही, त्यामुळे बोलताना पदर सदा तोंडावर. शेजारी नवरा साहेबराव, टोपी मांडीवर ठेवून.

डॉक्टरबाईंनी नमुना बसवला आणि आरसा दिला. दात प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे सरळ रांगेत. साहेबरावांनी पुढे वाकून पाहिलं.

"ही आवडा नाय," ते म्हणाले. "हिच्या म्होरल्या दोन दातांत फट व्हती. हसली की आदी ती दिसायची."

"गप बसा की!" आवडाबाई ओरडल्या आणि पदर वर घेतला. "आता या वयात कशाला ते?" पण नजर आरशातून हलली नव्हती.

मोनिका गप्प बसली असती तर ती मोनिका कसली! "आजी, तुमाला पायजे का ती फट?"

आवडाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे. "ऱ्हायली तर बरं व्हईल," त्या पुटपुटल्या. डॉक्टरबाईंनी हसत चिठ्ठीवर तसं लिहून दिलं.

फट ठेवायची म्हणजे दोन दात सरकवायचे, झालं, असं वाटत असेल तर चुकलात. दोन हलले की शेजारचे हलवावे लागतात, आणि मग वरची रांग खालच्या रांगेशी जुळत नाही. काकांनी साचा मोनिकापुढे ठेवला. "तू बघितलंस तिला. तूच कर." मोनिकानं रांग तीनदा मोडली, तीनदा लावली. जेवणाचा डबा तसाच राहिला. आणि नवल म्हणजे दुपारभर ती एक शब्द बोलली नाही.

पंधराव्या दिवशी पक्की झालेली कवळी घेऊन ती पुन्हा गेली. आवडाबाईंनी कवळी घातली, जिभेनं फट चाचपली. आरशात बघितलं, तोंड मिटलं, परत उघडलं. साहेबराव खाली मान घालून टोपी फिरवत होते. बघायचा धीरच होत नव्हता बिचाऱ्यांना.

"अवं, बघा की इकडं," आवडाबाई म्हणाल्या.

त्यांनी वर पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "हीच."

आवडाबाई हसल्या, चांगल्या मोठ्यानं हसल्या, आणि पदर खांद्यावरच राहिला. मोनिकाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसलेही नाहीत.

लॅबमध्ये परतली तेव्हा काका मेण कोरत होते. "काय ठरलं तुजं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हसली ती, काका."

सुरी थांबली. इतक्या वर्षांत हजारो कवळ्या गेल्या, एकीचाही निरोप माघारी आला नव्हता. काकांनी चष्मा काढला. "कशी?"

मोनिका स्टूल ओढून सांगायला बसली. पदराचं सांगितलं, टोपीचं सांगितलं, 'हीच' म्हटलेलं सांगितलं. काका ऐकत राहिले.

"सोमवारी मी कंपनीत जानार नाय," ती शेवटी म्हणाली. "हितंच शिकनार. पर डबे मीच पोचवनार, अन् येऊन तुमाला समदं सांगनार. चालंल?"

काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "चालंल," ते म्हणाले. "पर जी हसली नाय, तिचंबी सांगायचं."